निकाह कशासाठी, आणि सही कधी?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी मुलगी 27 वर्षांची आहे, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली, शाळेत शिकवते. घरचे बरेच दिवस स्थळं बघताहेत आणि तिनं काही विचारलं की "निकाह म्हणजे अर्धा दीन" (दीन म्हणजे धर्म) एवढंच उत्तर मिळतं. लग्न नकोच असं तिचं म्हणणं नाही. पण इस्लाममध्ये लग्नाला एवढं महत्त्व का, ते नेमकं कशासाठी करायचं, हे तिला कुणी बसून सांगितलेलं नाही. आता एक स्थळ तिला पसंत पडलंय, तर मुलाकडचे म्हणतात, "आधी निकाह उरकू, सही मागाहून बघू." त्यावर तिचा दुसरा प्रश्न आहे: अल्लाहपुढे खरं लग्न कुठलं, निकाहचं की सहीचं, म्हणजे सरकारी नोंदणीचं?

मी डिचोलीत वकिली करते. लग्नाची कागदपत्रं आणि घरगुती तंटे, हेच माझं बरंचसं काम. शिवाय आमच्या भागातल्या जमातीत लग्न ठरलेल्या मुलामुलींशी निकाहआधी बोलायला मला बोलावतात, आधी दोघांशी वेगवेगळं आणि मग एकत्र. मी आलिमा (धर्मशास्त्राची जाणकार) नाही. फिकहच्या (धर्मशास्त्रीय नियमांच्या) बारीक मसल्यांत तुम्ही तुमच्या मौलानांना विचारा, कारण हनफी आणि शाफई या दोन पंथशाखांत काही ठिकाणी फरक आहे आणि गोव्यात दोन्ही मानणारी घरं आहेत. मी सांगतेय ते कुरआन-हदीसमधलं (हदीस म्हणजे पैगंबरांच्या वचनांची आणि वागण्याची नोंद) सर्वांना मान्य असलेलं, आणि मोडलेली व टिकलेली लग्नं जवळून बघून माझं जे मत झालंय ते.

तुम्ही विचारलंय महत्त्वाबद्दल, पण मला वाटतं तुमची अडचण वेगळी आहे. लग्नाचं महत्त्व तुम्हाला ऐकवलं जातं ते लवकर हो म्हणावं म्हणून. हेतू मात्र कुणी सांगत नाही, कारण हेतू कळले की माणूस प्रश्न विचारायला लागतो. हा मुलगा, हे घर, ही घाई, ही रक्कम त्या हेतूंना धरून आहे का, असे प्रश्न. आणि ते विचारायलाच हवेत. माझं सगळं उत्तर याच एका मुद्द्यावर उभं आहे: इस्लामने लग्नाचे जे हेतू सांगितलेत, ते लग्न ठरवताना वापरायचे आहेत. निकाहच्या खुतब्यात (प्रवचनात) ऐकून सोडून द्यायचे नाहीत.

"अर्धा दीन" हे वाक्य ज्या हदीसवरून येतं ती हदीस-संग्राहक बैहकींनी नोंदवली आहे. तिच्या सनदीबद्दल, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीबद्दल, अभ्यासकांमध्ये चर्चा आहे, ती बाजूला ठेवू. पण तिचा दुसरा भाग घरात क्वचितच सांगतात. लग्न केलं की माणसाचा अर्धा दीन पुरा झाला, आता उरलेल्या अर्ध्याबाबत त्याने अल्लाहला भिऊन वागावं, असं ते वचन आहे. म्हणजे लग्नाने जबाबदारी संपत नाही, वाढते. ज्या घरात हा दुसरा भाग सांगितला जातो, तिथली बोलणी वेगळी होतात, हे मी बघितलंय.

मग लग्न फर्ज (सक्तीचं कर्तव्य) आहे का? सरसकट नाही. फिकहच्या किताबांमध्ये हा हुकूम माणसागणिक बदलतो. ज्याची ऐपत आहे आणि लग्नावाचून पाय घसरण्याची भीती आहे, त्याच्यावर ते वाजिब (बंधनकारक) होतं. सर्वसाधारण परिस्थितीत हनफी त्याला ताकीद असलेली सुन्नत (पैगंबरांनी घालून दिलेली रीत) म्हणतात, शाफईंच्या मते इच्छा आणि ऐपत असलेल्यासाठी ते मुस्तहब (चांगलं, पण सक्तीचं नाही) आहे. आणि ज्याची खात्री आहे की आपल्या हातून बायकोवर जुलूमच होणार, तिचे हक्क आपण देऊच शकणार नाही, त्याच्यासाठी लग्न मक्रूह (नापसंत), काहींच्या मते हराम. हे शेवटचं मी मुलांच्या आईवडिलांना मुद्दाम सांगते. "लग्न केलं की सुधारेल" म्हणून दारूच्या नादाला लागलेल्या मुलासाठी मुलगी बघणाऱ्यांना शरियतचा आधार नाही. दुसरीकडे कुरआनातल्या सूरह (अध्याय) नूरमध्ये (24:32) अविवाहितांची लग्नं लावून द्या, ते गरीब असतील तर अल्लाह आपल्या कृपेने त्यांना संपन्न करील असं म्हटलंय, आणि लगेच पुढच्या आयतीत (वचनात), ज्यांना लग्न शक्य होत नाही त्यांनी संयमाने राहावं असंही म्हटलंय. इमाम नववी आणि इब्न तैमिया, दोघेही फार मोठे आलिम, दोघांनीही लग्न केलं नाही. त्यांचा दीन अर्धा होता असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे वयाच्या धाकाने हो म्हणू नका.

पण संन्यासाला इस्लामने मान दिलेला नाही, हेही तितकंच खरं. बुखारी या हदीससंग्रहात तीन सहाबींची (पैगंबरांच्या साथीदारांची) गोष्ट आहे. एकाने ठरवलं रात्रभर नमाज पढायची, दुसऱ्याने रोज रोजा धरायचा, तिसऱ्याने कधीच लग्न करायचं नाही. पैगंबरांच्या (स.) कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले की अल्लाहला मी तुमच्याहून जास्त भितो, तरी मी रोजा धरतो आणि सोडतोही, नमाज पढतो आणि झोपतोही, आणि मी लग्नंही करतो; जो माझ्या सुन्नतीकडे पाठ फिरवतो तो माझा नाही. संसारात राहून, दुसऱ्या माणसाची रोजची कटकट सोसत, त्याचे हक्क देत केलेली इबादत (उपासना) ही इस्लामला अपेक्षित आहे.

आता हेतूंकडे येते. कुरआनात लग्नाबद्दल सर्वात जास्त उद्धृत होणारी आयत सूरह रूममधली (30:21). निकाहच्या पत्रिकांवरही तीच छापतात. अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक ही की त्याने तुमच्यातूनच तुमचे जोडीदार निर्माण केले, यासाठी की त्यांच्यापाशी तुम्हाला सुकून (मनाची शांती) मिळावा, आणि तुमच्यात प्रेम आणि दया ठेवली. इथे पहिलं कारण सुकूनचं दिलंय. वंशाचं नाव या आयतीत नाही, समाजाचंही नाही. बाकीचे हेतू आपापल्या जागी येतात, पण मी पहिला हाच धरते.

सुकून म्हणजे काय ते मुलांना समजावताना मी पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजांची गोष्ट सांगते. त्या मक्केतल्या व्यापारी. त्यांचा माल घेऊन पैगंबर (स.) शामला (सीरियाकडे) गेले, त्यांचा प्रामाणिकपणा बघून लग्नाचा प्रस्ताव खदीजांनीच पाठवला, मैत्रिणीकरवी. पुढे हिरा गुहेत पहिली वही (अल्लाहचा संदेश) उतरली तेव्हा ते थरथरत घरी आले आणि म्हणाले, मला पांघरूण घाला, मला पांघरूण घाला. खदीजांनी पांघरूण घातलं. भीती ओसरेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी सांगितलं की अल्लाह तुम्हाला कधीच अपमानित करणार नाही, आणि कारणं दिली: तुम्ही नातं जपता, दुबळ्यांचा भार उचलता, पाहुण्यांचं आतिथ्य करता, संकटात सापडलेल्यांच्या मदतीला धावता. नंतर त्या त्यांना आपला चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या, कारण जुन्या धर्मग्रंथांचं ज्ञान त्यांना होतं. बघा, त्या बाईने काय काय केलं. नवऱ्याच्या भीतीला हसली नाही, त्याला आधी ऊब दिली, मग त्याचीच चांगली बाजू त्याच्यापुढे ठेवली, आणि आपल्याला कळत नाही तिथे जाणत्या माणसाकडे नेलं. खदीजा हयात होत्या तोवर पैगंबरांनी दुसरं लग्न केलं नाही. ही सोबत सुमारे 25 वर्षांची. लग्न कशासाठी, या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर माझ्याजवळ नाही.

म्हणून मी मुलींना सांगते, मुलाचा पगार विचारा, शिक्षण विचारा, पण हेही बघा की तुम्ही घाबरलेल्या असताना हा माणूस कसा वागतो. आणि स्वतःलाही विचारा की तो हरलेला असताना तुम्ही कशा वागाल. सूरह बकरामध्ये (2:187) नवरा-बायकोला एकमेकांचा लिबास, म्हणजे पोशाख, म्हटलंय. अंगाला लागून असणारा, उणं झाकणारा. माझ्याकडे येणारे कितीतरी तंटे मारहाणीने किंवा पैशाने सुरू झालेले नसतात. नवऱ्याने बायकोचं उणं आपल्या आईपुढे काढलं, बायकोने त्याची कमाई माहेरी सगळ्यांदेखत मोजून दाखवली, तिथून ते सुरू होतात. घरकामाबद्दलही तेच. पैगंबर घरी काय करायचे असं त्यांच्या पत्नी हजरत आयेशांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की घरच्यांच्या कामात असायचे, आणि अजानची वेळ झाली की नमाजला जायचे. तुम्ही शाळेतून थकून येणार. चुलीपाशी तुम्ही एकट्याच असाल का, हे आताच बोलून घ्या.

दुसरा हेतू शीलाचा. यावर घरात कुणी बोलत नाही, म्हणून सरळ लिहिते. शरीराची ओढ इस्लामने पाप मानलेली नाही. तिला हक्काची, उघड आणि जबाबदारीची जागा दिली. तरुणांना उद्देशून हदीस आहे की ज्याची ऐपत आहे त्याने लग्न करावं, त्याने नजर खाली राहते आणि शील जपलं जातं, आणि ऐपत नसेल त्याने रोजे धरावेत. हा हक्क दोघांचा आहे, बायकोचाही तितकाच. लग्नाआधी काही मुली मला हळूच विचारतात की नाही म्हणता येतं का, दुखलं तर सांगावं का. सांगावं. सूरह निसामध्ये (4:19) बायकांशी भलेपणाने राहा असा थेट हुकूम आहे, आणि तो खोलीच्या दाराशी संपत नाही.

तिसरा हेतू मुलांचा. नवी पिढी, तिचं नाव, तिचा सांभाळ, तिला दीन आणि चांगली वागणूक शिकवणं. कुरआनातली दुआच आहे (25:74): आमच्या जोडीदारांत आणि मुलांत आम्हाला डोळ्यांचा थंडावा दे. इथे जोडीदाराचं नाव मुलांच्या आधी येतं. मूल झालं नाही म्हणून निकाह कमी प्रतीचा होत नाही. हजरत आयेशांना मूल नव्हतं. हजरत इब्राहिम आणि सारा, हजरत जकरिया आणि त्यांची बायको, यांना उतारवयापर्यंत मूल नव्हतं, आणि या जोड्यांचा उल्लेख कुरआन आदराने करतं. लग्न होऊन थोडे महिने गेले की "काही बातमी?" विचारणारे जे लोक असतात, त्यांना मी हे सांगत असते. मूल कधी हवं, तुमची नोकरी कशी सांभाळायची, हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. सहाबींच्या काळातही संतती लांबवण्यासाठी अझल (वीर्य बाहेर सोडणं) केलं जाई आणि त्यांना रोखलं गेलं नाही, असं सहाबी हजरत जाबिर यांनी सांगितल्याची नोंद आहे.

नातेसंबंध जोडले जाणं, दोन घरं एक होणं, हेही हेतूंत येतं. आपल्याकडे ते इतकं मोठं करून सांगतात की त्यावर मी वेगळं लिहायला नको. एवढंच म्हणेन की दोन घरांचं जुळतंय आणि दोन माणसांचं जुळत नाही, असं लग्न वरच्या आयतीत बसत नाही.

आता हे हेतू कामाला कसे लावायचे ते सांगते. सुरुवात तुमच्या होकारापासून.

निकाह हा इबादतीसारखा पवित्र मानला जातो, पण त्याचा ढाचा कराराचा आहे. ईजाब आणि कबूल (प्रस्ताव आणि स्वीकार), दोन साक्षीदार, मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम किंवा वस्तू). शाफईंकडे मुलीचा वली (पालक) लागतोच. हनफींच्या मते सज्ञान मुलगी स्वतः निकाह करू शकते, तरी वलीची संमती चांगली. पण मुलीचा होकार मात्र सगळ्यांकडे महत्त्वाचा आहे. खन्सा बिन्त खिदाम या बाईचं लग्न वडिलांनी तिच्या मनाविरुद्ध लावलं, ती पैगंबरांकडे गेली आणि त्यांनी तो निकाह रद्द केला. आपल्याकडे काय होतं? मशिदीत किंवा हॉलमध्ये मंडळी बसलेली, निकाहचा वकील (मुलीचा होकार घेऊन जाणारा प्रतिनिधी) आणि दोन गवाह रजिस्टर घेऊन आतल्या खोलीत येतात, मुलगी दुपट्टा ओढून बसलेली, मावश्या-फुफ्या चारी बाजूंनी, आणि बाहेर बिर्याणीचे डेग उतरलेले. तेव्हा ती "कबूल" म्हणणार नाही तर काय करणार? तो विचारण्याचा विधी झाला. खरं विचारणं त्याच्या कितीतरी आधी, एकांतात, नाही म्हटलं तरी चालेल अशा वेळी व्हायला हवं. तुम्हाला स्थळ पसंत आहे म्हणता, म्हणजे हा टप्पा तुम्ही पार केलाय. तरी एकदा घरच्या मोठ्यांच्या उपस्थितीत, पण मोकळेपणाने, मुलाशी बोलून घ्या. शरियत त्याला मनाई करत नाही. लग्नाआधी बघून घ्यावं असं पैगंबरांनीच सांगितलंय.

मग मेहर. सूरह निसा (4:4) सांगतं की बायकांना त्यांचा मेहर खुशीने द्या. तो मुलीच्या बापाला द्यायचा नाही, तिलाच द्यायचा. आणि तो मुलाकडून मुलीकडे जातो. हुंडा उलट दिशेने जातो, त्यामुळे शरियतच्या नावाने त्याला कुठलीच जागा नाही, मग त्याला जहेज म्हणा किंवा "मुलीच्या खुशीने दिलेलं सामान" म्हणा. किती असावा? ठरावीक आकडा नाही. शाफईंकडे किमान मर्यादा नाही, हनफींकडे किमान 10 दिरहम (जुनी चांदीची नाणी). गरीब सहाबीला पैगंबर म्हणाले, लोखंडाची अंगठी तरी आण; तीही मिळाली नाही तेव्हा त्याला येत असलेलं कुरआन त्याने बायकोला शिकवावं यावर निकाह लावला. दुसरीकडे ढीगभर सोनं दिलेलं असलं तरी परत घेऊ नका असंही कुरआन म्हणतं (4:20). पुष्कळ घरं मेहर-ए-फातिमी धरतात, म्हणजे आपल्याकडच्या रूढ हिशेबाने 131 तोळे 3 मासे चांदी, साधारण दीड किलो. त्या दिवशीच्या भावाने त्याचे रुपये होतात ते आधी काढून बघा, नुसतं नाव लिहून मोकळं होऊ नका.

मेहरबाबत मला सगळ्यात खटकते ती आपली एक सवय. निकाहनाम्यात मोठी रक्कम "उधार" म्हणून लिहायची, द्यायचा विचार कुणाच्याच मनात नाही, आणि नवरा वारला की मय्यत उचलायच्या आधी बायकोला विचारायचं, "मेहर माफ केला ना?" त्या क्षणी कुठली बाई नाही म्हणेल? मेहर कर्ज आहे. कर्ज देण्याजोगं लिहावं आणि हयातीत द्यावं. मी सांगते, रक्कम कमी चालेल, पण नकद असू द्या. निदान अर्धी तरी. तुमच्या नावावर बँकेत ठेव, किंवा सोनं, जे तुमच्याच हातात राहील. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जो मुलगा मेहरवर शांतपणे बोलू शकतो, तो पुढे घरखर्चावरही बोलू शकतो, असा माझा अनुभव आहे. वलीमा (लग्नाचं जेवण) ऐपतीप्रमाणे करा. सहाबी अब्दुर्रहमान बिन औफ यांना पैगंबरांनी एक बकरी कापून का होईना वलीमा कर, असं सांगितलं होतं. मंडपासाठी काढलेलं कर्ज पहिल्या वर्षाच्या सुकूनवर पडतं.

इथपर्यंत आलो म्हणजे तुमचा दुसरा प्रश्न सोपा होतो. अल्लाहपुढे लग्न निकाहने होतं, यात वाद नाही. पण तोच करार पाळा म्हणणारा दीन (5:1) तुम्हाला तो कागदावर आणायलाही सांगतो. साध्या उधारीचा व्यवहारसुद्धा लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा असं सूरह बकरामध्ये (2:282) तपशीलवार आलंय. निकाह जाहीर करा अशी शिकवण आहे, म्हणजे गुपचूप लग्न इस्लामला आवडत नाही. मग ज्या राज्यात आपण राहतो तिथे ज्या कागदाने तुम्ही बायको ठरता, तो कागद करणं दीनच्या विरुद्ध कसं असेल? मला तर तो त्या वचनाचाच भाग वाटतो.

आणि गोव्यात हा कागद इतर राज्यांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. इथे पोर्तुगीजांची 1867ची नागरी संहिता लागू झाली आणि 1961च्या मुक्तीनंतर 1962च्या कायद्याने ती पुढे चालू राहिली. 1937चा शरियत कायदा गोव्याला लावलेला नाही. त्यामुळे बाकी देशात मुसलमानांचा नुसता निकाह कायद्याने लग्न ठरतो, तसं इथे धरून चालता येत नाही. इथे लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे होतं, दोन टप्प्यांत. पहिल्या सहीला तुम्ही दोघं जाऊन लग्न करण्याचा इरादा जाहीर करता. मग नोटीस लागते, साधारण 15 दिवस, कुणाची हरकत असेल तर यावी म्हणून. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत साक्षीदारांसह दुसरी सही. लग्न लागतं ते या दुसऱ्या सहीने. पहिली सही म्हणजे लग्न नव्हे, हे मी जोर देऊन लिहितेय, कारण याच ठिकाणी मुली फसतात.

सत्तरी तालुक्यातल्या एका बाईचं प्रकरण माझ्याकडे होतं. निकाह झालेला, पहिली सही झालेली, मग नवऱ्याच्या जन्मदाखल्यावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळेना म्हणून दुसरी सही राहिली. आज करू, उद्या करू. दोन मुलं झाली. नवरा अपघातात गेला तेव्हा घर, बँक, कामावरचे पैसे, सगळीकडे तिला एकच प्रश्न: लग्नाचा दाखला? तिच्याकडे निकाहनामा होता, पण तो बघून कुणाचं समाधान होईना. दीराचं मन चांगलं होतं म्हणून निभावलं. पण बाईचा हक्क दीराच्या मनावर अवलंबून का असावा?

सही झाली की तुम्हाला काय मिळतं तेही ऐका. नोंदलेल्या लग्नात नवऱ्याला दुसरं लग्न करता येत नाही, आणि तोंडी तलाकला जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019च्या एका निकालात गोव्याबद्दल हे नमूद केलंय. काडीमोड घ्यायचा तर कोर्टातून. कुरआनही घाईला लगाम घालतंच: आधी दोन्हीकडचा एकेक पंच बसवा (4:35), ठेवायचं तर भलेपणाने ठेवा, सोडायचं तर चांगुलपणाने सोडा (2:229). मुसलमान बाईला खुलाचा (स्वतःहून फारकत मागण्याचा) हक्क आहे, सहाबी साबित बिन कैस यांच्या बायकोने मेहरची बाग परत देऊन तो घेतला. तिची तक्रार नवऱ्याच्या धर्माबद्दल किंवा वागण्याबद्दल नव्हती, त्याच्यासोबत तिला राहवत नव्हतं. सुकून उरला नाही तर बांधून ठेवणं हा हेतू कधीच नव्हता.

मालमत्तेचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण इथे शरियत आणि गोव्याचा कायदा वेगवेगळ्या वाटेने जातात. शरियतमध्ये बायकोचं ते बायकोचं, नवऱ्याचं ते नवऱ्याचं, आणि खर्चाची जबाबदारी नवऱ्यावर. गोव्यात लग्नाआधी काही करार केला नसेल तर दोघांची सगळी मालमत्ता सामायिक होते, आधीची आणि वारशाने आलेली धरून, आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा. घर-जमीन विकायची तर दोघांची सही लागते. वेगळी व्यवस्था हवी असेल तर लग्नाआधी नोटरीसमोर तसा करार करता येतो. लग्नानंतर तो करताही येत नाही आणि बदलताही येत नाही. कुठलं चांगलं? हे तुमच्या परिस्थितीवर आहे. तुमच्या नावावर वडिलांची जमीन येणार असेल आणि मुलाच्या घरावर कर्जं असतील, तर करार करून वेगळं ठेवण्याचा विचार करा. उलट, उद्या मुलांसाठी नोकरी सोडावी लागली तर सामायिक मालमत्तेतला अर्धा वाटा हाच तुमचा आधार ठरू शकतो. "शरियतप्रमाणे वेगळं ठेवू" असं मुलाकडच्यांनी सुचवलं तर मी लगेच विचारते, मग शरियतप्रमाणे मेहर किती देताय, नकद किती, आणि तिच्या राहण्याची स्वतंत्र सोय काय? एकच बाजू घेऊन चालत नाही. मुलगा बेळगाव-कारवारकडचा असेल किंवा लग्नानंतर तुम्ही गोव्याबाहेर राहणार असाल तर कुठला कायदा लागेल हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो; तेव्हा सह्यांच्या आधी वकिलाला भेटा.

"सही मागाहून बघू" म्हणणारे सगळेच वाईट हेतूचे असतात असं मी म्हणत नाही. बहुतेकांना ती सरकारी कटकट वाटते, सुट्टी मिळत नाही, कागद जुळत नाहीत. त्यामुळे भांडू नका. तुमच्या अब्बांनी किंवा भावाने एवढं सांगावं: "पहिली सही या महिन्यात करू, दुसरीची तारीख मिळाली की त्याच आठवड्यात निकाह ठेवू." ज्यांना खरंच फक्त सुट्टीची अडचण आहे, ते लगेच तयार होतात. कारणं बदलत राहिली, किंवा "आमच्यावर विश्वास नाही का" असा सूर लागला, तर त्या घराबद्दल तुम्हाला निकाहआधीच काहीतरी कळलं, आणि मग घरच्यांसोबत बसून पुन्हा विचार करा. दोन सह्यांच्या मधल्या काळात वागणं कसं ठेवायचं, किंवा दुसरी सही झाली पण निकाह लांबला तर एकत्र राहता येतं का, हे तुमच्या इमामांना विचारून घ्या. तारखा जवळ ठेवल्या की हा प्रश्नच येत नाही.

आणि आज संध्याकाळीच एक काम करा. दोघांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून नावांची अक्षरं ताडून बघा, आईवडिलांच्या नावांसकट. आपल्या लोकांत शेख कधी पुढे, कधी मागे, कुठे "बी" आहे, कुठे गाळलेलं. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती पहिल्या सहीच्या अर्जाआधीच करून घ्या.